विश्लेषण : थंडीतील डिझेल गाडी आणि पुन्हा पुन्हा लागणारा पिवळा दिवा… दोष नेमका कुठे शोधायचा?

डिसेंबर-जानेवारीत निफाड, नाशिक, धुळे, जळगाव या पट्ट्यात पहाटेचा पारा एक आकडी होतो आणि डिझेल गाड्यांच्या मालकांची एक ठरलेली तक्रार सुरू होते. सकाळी गाडी दोन-तीन वेळा सेल मारल्यावर सुरू होते, मागून पांढरा धूर निघतो, इंजिन काही क्षण थरथरते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाला स्कॅनर लावून कोड पुसतो, दिवा विझतो. आठवडाभराने तो पुन्हा हजर. मग कोणी बॅटरी बदलायला सांगतो, कोणी डिझेल फिल्टर, कोणी थेट इंजेक्टर. बिल वाढत जाते, दिवा मात्र तसाच. या दिव्याचा अर्थ काय आणि दोष शोधण्याची योग्य पद्धत कोणती?

सर्वप्रथम, दिवा कोणता?

‘वॉर्निंग लाइट लागला’ एवढ्या सांगण्याने काहीच कळत नाही. डिझेल गाडीत चावी फिरवल्यावर स्प्रिंगच्या वेटोळ्यासारखे एक पिवळे चिन्ह दिसते. तो ग्लो प्लगचा, गॅरेजच्या भाषेत ‘हीटर’चा दिवा. तो एक-दोन सेकंदांत विझला तर तो दोष नव्हे, गाडी सुरू करायला हरकत नाही असा तो इशारा असतो. तोच दिवा गाडी चालू झाल्यावरही राहिला किंवा लुकलुकू लागला, तर मात्र यंत्रणेत बिघाड आहे. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा हा वेगळा. प्रदूषणाशी संबंधित कुठलाही दोष संगणकाने नोंदवला की तो लागतो, त्यामुळे त्यामागे शेकडो कारणे असू शकतात. काही गाड्यांत सकाळी निळा थर्मामीटर दिसतो. इंजिन अजून थंड आहे, एवढेच तो सांगतो आणि थोड्या वेळाने आपोआप जातो. त्याच्यापायी गॅरेज गाठणारेही कमी नाहीत.

तेलाच्या कपाचा लाल दिवा मात्र या लेखाच्या कक्षेतच येत नाही. तो सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत विझला नाही, तर इंजिन तत्काळ बंद करावे. तेलाचा दाब नसताना चाललेले इंजिन काही मिनिटांत कायमचे जाते.

एक गंमत अशी की, काही युरोपीय बनावटीच्या डिझेल गाड्यांत वेटोळ्याचा दिवा चालत्या गाडीत लुकलुकला तर त्याचा ग्लो प्लगशी संबंध असेलच असे नाही. त्या गाड्यांत हाच दिवा इंजिन व्यवस्थापनातील इतर दोषांसाठीही वापरला जातो आणि कारण कित्येकदा ब्रेक पेडलजवळचा छोटासा स्विच निघते. मागचे ब्रेक लाइट लागतात की नाही, हे कोणाला तरी मागे उभे करून पाहिले तरी निम्मा उलगडा होतो.

डिझेल इंजिनाला ‘हीटर’ लागतोच कशाला?

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग असतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनात ठिणगीच नाही. सिलिंडरमधील हवा सोळा-अठरा पट दाबली जाते. त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सियसच्या पुढे तापते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. सायकलच्या पंपाने जोरात हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, तत्त्व तेच.

अडचण थंडीत येते. आत येणारी हवा गार, सिलिंडरच्या भिंती गार, तेल घट्ट झाल्याने इंजिन हळू फिरते. हळू फिरले की दाबलेली हवा पिस्टनच्या कडांतून निसटायला आणि तिची उष्णता धातूत मुरायला जास्त वेळ मिळतो. मग डिझेल नीट पेटत नाही, अर्धवट वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडते. सकाळी दिसणारा, डोळ्यांना झोंबणारा, डिझेलचा वास येणारा पांढरा धूर म्हणजे हे न जळलेले इंधन.

ग्लो प्लग हा पेन्सिलीसारखा बारीक हीटर असतो. प्रत्येक सिलिंडरला एक. त्याचे टोक ८५० ते १००० अंशांपर्यंत तापते. सिरॅमिक प्रकारातील त्याहूनही अधिक. जुन्या जीप आणि टॅक्सींत चावी अर्धी फिरवून मनात पंधरा-वीस आकडे मोजावे लागत. आताच्या प्लगना काही सेकंद पुरतात. आणि गाडी सुरू झाल्यावरही ते लगेच बंद होत नाहीत. इंजिन गरम होईपर्यंत, काही गाड्यांत दोन-तीन मिनिटे, ते तापलेलेच राहतात. धूर आणि थरथर कमी व्हावी, हा त्यामागचा हेतू.

मुंबईत ठीक चालणारी गाडी निफाडमध्ये का रुसते?

हल्लीच्या कॉमन रेल इंजिनांत डिझेल इतक्या बारीक थेंबांत आणि थेट ज्वलनकक्षात फवारले जाते की, हवा वीस अंशांची असेल तर ग्लो प्लगशिवायही इंजिन सुरू होते. म्हणूनच मुंबई-ठाण्यात चारपैकी दोन प्लग निकामी झालेली गाडी वर्षानुवर्षे विनातक्रार फिरू शकते. तीच गाडी हुरड्याला किंवा लग्नाला नाशिककडे गेली आणि रात्रभर उघड्यावर उभी राहिली की सकाळी सारे उघडे पडते. प्लग त्या रात्री गेलेले नसतात. ते आधीच गेलेले असतात, थंडीने फक्त हजेरी घेतली.

याची दुसरी बाजूही आहे. बीएस-६ निकष देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. या गाड्यांचा संगणक ग्लो प्लगच्या विद्युतमार्गावर सतत लक्ष ठेवतो. त्यामुळे गाडी एका झटक्यात सुरू होत असली तरी एक प्लग तुटला की दिवा लागतो. ‘गाडी तर मस्त चालू होते, मग दिव्याचे काय मनावर घ्यायचे,’ हा विचार येथे महाग पडू शकतो. काही गाड्यांत ग्लो यंत्रणेचा दोष नोंदला असेपर्यंत धुराची काजळी जाळणारी डीपीएफची स्वच्छता प्रक्रियाच रोखून धरली जाते. शहरात कमी अंतर चालणाऱ्या गाडीचा डीपीएफ मग तुंबतो आणि त्याची किंमत ग्लो प्लगच्या कित्येक पट असते.

कोड पुसल्यावर दिवा परत का येतो?

कोड पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. भिंतीवरची ओल चुन्याने झाकण्यासारखेच ते. तरीही आठ-दहा दिवस दिवा गायब का राहतो, हे समजून घेण्यासारखे आहे. इंजिनाचा संगणक अनेक दोष एकदा दिसले की लगेच दिवा लावत नाही. पहिल्या फेरीत तो दोष ‘प्रलंबित’ म्हणून टिपून ठेवतो, लागोपाठच्या दुसऱ्या फेरीतही दिसला तर दिवा लावतो. सलग तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की दिवा आपोआप विझतो, नोंद मात्र आत शिल्लक राहते. शिवाय काही चाचण्या संगणक फक्त इंजिन थंड असतानाच करतो. चार दिवस ऊन पडले, दिवसा दोन-तीनदा गरम इंजिनावर गाडी फिरली, की चाचणीच होत नाही. पुन्हा कडाक्याची पहाट आली की दिवा लागतो.

गॅरेजचा घोळ येथेच होतो. गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा अकरा वाजलेले असतात, इंजिन तापलेले असते. त्या अवस्थेत सगळे ठीकच दिसणार. थंड इंजिनाचा दोष थंड इंजिनावरच शोधावा लागतो. त्यामुळे गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवून सकाळी मेकॅनिकनेच पहिली सुरू करणे, हा साधा आग्रह धरायला हवा. तो मान्य न करणाऱ्या गॅरेजमध्ये पार्ट बदलून पाहण्याचा खेळच चालण्याची शक्यता जास्त.

कोड पुसण्याआधी त्याच्यासोबतची ‘फ्रीझ फ्रेम’ वाचून ठेवणे तितकेच महत्त्वाचे. दोष नोंदला त्या क्षणी कूलंटचे तापमान किती होते, इंजिन किती फेऱ्यांवर फिरत होते, गाडीचा वेग किती होता, ही माहिती त्यात गोठवलेली असते. कूलंट ९ अंश आणि वेग शून्य असेल तर दोष सुरू होतानाचा आहे. कूलंट ८५ अंश आणि वेग ६० असेल तर थंडीचा त्याच्याशी संबंध नाही, तपास दुसरीकडे वळवावा. कोड पुसला की ही नोंदही जाते.

तपासणी कोठून सुरू करावी?

समजा, आठ-दहा वर्षे चाललेली एक डिझेल सेडान आहे. फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन पुण्याजवळ रांजणगावला बनत असे आणि स्विफ्ट, डिझायरपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत ते बसले. बीएस-६ आल्यावर मारुतीने डिझेल गाड्या थांबवल्या, त्यामुळे त्यांच्या अशा सगळ्याच गाड्या आता जुन्या झाल्या आहेत. अशा गाडीत पहाटे दिवा लागतो आहे.

पहिला मान बॅटरीचा. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर मल्टिमीटर लावल्यास १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसावा. १२.२ म्हणजे ती अर्धी रिकामी. पण खरी परीक्षा सेल मारताना होते. स्टार्टर फिरत असताना व्होल्टेज साडेनऊ-दहाच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर, अर्थिंगच्या वायरवर गंज आहे. ग्लो प्लग तापायला लागताना प्रत्येकी १० ते २० अँपिअर खेचतात, म्हणजे स्टार्टर फिरण्याआधीच बॅटरीवर मोठा भार पडलेला असतो. थंडीत बॅटरीची ताकद घटते ती वेगळीच. व्होल्टेज फार खाली गेले की संगणक गोंधळतो आणि भलतेच कोड नोंदवतो. एकाच वेळी एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड दिसले, तर आधी बॅटरी पाहावी.

बॅटरी ठीक असेल तर स्कॅनर. गाडीच्या स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे ओबीडी सॉकेट असते. त्यात बसणारी आणि मोबाइलशी ब्लूटूथने जोडली जाणारी छोटी यंत्रे ऑनलाइन स्वस्तात मिळतात. पी ०६७१ ते पी ०६७४ यांपैकी कोड आला तर तो अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरच्या ग्लो प्लगच्या विद्युतमार्गाकडे बोट दाखवतो. पी ०३८० हा एकूण ग्लो मार्गाचा, पी ०६७० हा ग्लो प्लग नियंत्रकाचा. येथे ‘विद्युतमार्ग’ हा शब्द नीट वाचायला हवा. प्लग खराब आहे असे कोड म्हणत नाही. प्लग, त्याची टोपी, वायर, नियंत्रक यांच्यात कुठेतरी खंड आहे, इतकेच तो सांगतो. कोड पाहून चारही प्लग बदलले आणि दोष उंदराने कुरतडलेल्या वायरमध्ये निघाला, ही गोष्ट हिवाळ्यात नवलाची नाही. उंदरांनाही गरम इंजिनाची ऊब हवीच असते.

स्कॅनर हाताशी आहे तर आणखी एक परीक्षा फुकटात होते. रात्रभर उभ्या गाडीत, इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवून कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान वाचावे. दोन्ही आकडे बाहेरच्या हवेच्या जवळपास असायला हवेत. बाहेर ८ अंश आहेत, हवेचा सेन्सर ९ दाखवतो आणि कूलंटचा सेन्सर ४५, तर चोर सापडला. इंजिन गरम आहे असे समजून संगणक ग्लो प्लग तापवतच नाही. प्लग उत्तम, वायर उत्तम, तरी गाडी सुरू होत नाही. हा सेन्सर तुलनेने स्वस्त असतो आणि अनेक गाड्यांत बदलायलाही सोपा. पण त्याच्याकडे सर्वात शेवटी लक्ष जाते.

प्लगची परीक्षाही तो न काढता होते. इंजिन बंद ठेवून प्लगवरची टोपी काढावी, मल्टिमीटर ओहमवर ठेवावे, एक टोक प्लगच्या माथ्याला आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावावे. चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे. चारपैकी तीन सारखे आणि एक वेगळा, असे दिसले तरी पुरे. जुन्या गाड्यांत चारही प्लग एकाच धातूच्या पट्टीने जोडलेले असतात. ती पट्टी न काढता मोजले तर चांगल्या प्लगचाच आकडा मिळतो आणि मेलेला त्यांच्यामागे लपतो. अशा गाड्यांत संगणकालाही कोणता प्लग गेला हे कळत नाही.

प्लग शाबूत निघाले तर उरतात वायर, फ्यूज, रिले किंवा नियंत्रक. थंड इंजिनावर कोणीतरी चावी फिरवावी आणि त्याच वेळी टोपीत वीज येते का पाहावे. जुन्या रिलेच्या गाडीत काही सेकंद जवळपास पूर्ण बॅटरी व्होल्टेज दिसते. नव्या नियंत्रकाच्या गाडीत वीज तुकड्या-तुकड्यांनी सोडली जात असल्याने मीटर कमी आकडा दाखवू शकते, तो दोष नव्हे. याच कारणाने आणखी एक धोका आहे. पूर्वी मेकॅनिक प्लग काढून थेट बॅटरीला जोडत आणि टोक लाल होते का बघत. नव्या जलद प्लगांपैकी अनेक ५ व्होल्टच्या आसपास चालण्यासाठी बनलेले असतात. त्यांना थेट १२ व्होल्ट दिले की तपासणीतच ते जळून जातात.

ग्लो यंत्रणा निर्दोष असेल तर?

तर डिझेल वेळेवर आणि पुरेशा दाबाने पोहोचते का, हे पाहावे. कॉमन रेल इंजिनात सेल मारताना रेलचा दाब साधारण १५० ते २५० बारपर्यंत चढल्याशिवाय संगणक इंजेक्टर उघडत नाही. स्कॅनरवर हा दाब पाहता येतो. तो हळूहळू चढत असेल तर रात्रीतून डिझेल लाइनने हवा घेतली असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा जुने इंजेक्टर डिझेल परत टाकीकडे गळवत असतील. फिल्टरच्या तळाशी पाणी साचणे हे आपल्याकडचे नेहमीचे कारण. बऱ्याच गाड्यांत ते काढून टाकण्यासाठी तेथेच बोल्ट असतो. येथे धुराचा पुरावा उपयोगी पडतो. सेल मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही, म्हणजे उष्णतेचा प्रश्न. धूरच नसेल तर डिझेल पोहोचत नाही. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर मात्र मामला हेड गॅस्केटपर्यंत जाऊ शकतो.

प्लग बदलणे सोपे काम आहे का?

दिसायला स्पार्क प्लग बदलण्याइतके सोपे. प्रत्यक्षात या साऱ्या प्रकरणातील सर्वात जोखमीचे. लाखभर किलोमीटर चाललेल्या इंजिनात प्लग काजळीने आणि गंजाने जाम झालेला असतो. पान्याला जोर दिला की तो मधोमध तुटतो आणि टोक हेडमध्ये अडकते. ते काढायला खास साधने लागतात, ती चालली नाहीत तर हेड उतरवावे लागते. काही शेकड्यांच्या वस्तूसाठी पाच आकडी बिल होण्याचा मार्ग हाच. म्हणून इंजिन गरम असताना, आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून, पुढे-मागे हलवत प्लग काढायचा असतो. तो दाद देत नसेल तर थांबण्याची तयारी हवी. ‘तुटला तर जबाबदारी कोणाची,’ हा प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी विचारलेला बरा. एक प्लग वयाने गेला असेल तर बाकीचेही त्याच वयाचे असतात, त्यामुळे संच बदलणे शहाणपणाचे. मात्र उरलेला एखादा जाम असेल आणि चालू असेल, तर त्याला हात न लावणेच योग्य.

दुरुस्ती होईपर्यंत काय करावे, काय टाळावे?

दिवा पिवळा असेल आणि सुरू झाल्यावर गाडी सुरळीत चालत असेल तर गॅरेजपर्यंत जाता येते. सकाळी चावी फिरवून वेटोळ्याचा दिवा विझू द्यावा, चावी बंद करून पुन्हा एकदा तसेच करावे आणि मग सेल मारावा. शाबूत प्लगना दोनदा तापायला मिळते. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त सेल मारू नये, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे. हवेच्या नळीत ‘स्टार्टिंग स्प्रे’ मारण्याचा उपाय अजून काही ठिकाणी सर्रास केला जातो. त्यातील इथर तापलेल्या ग्लो प्लगवर वेळेआधीच भडकतो आणि पिस्टन किंवा इनटेक मॅनिफोल्ड फुटू शकतो. डिझेल टाकीखाली शेकोटी पेटवण्याबद्दल तर बोलायलाच नको.

लेह-स्पितीची हिवाळी सहल करणाऱ्यांची गोष्ट मात्र निराळी. तेथे ग्लो प्लग ठणठणीत असूनही गाडी अडते, कारण मैदानी भागातून भरून नेलेल्या डिझेलमधील मेण गोठून फिल्टर बंद होतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले, ते यासाठीच. वर जाताना टाकी कमी ठेवून तेथील पंपावर भरून घेणारे चालक अनुभवी समजावेत.

जुनी डिझेल गाडी घेताना हा दोष कसा ओळखावा?

विक्रेत्याने सकाळी बोलावले आणि बॉनेट आधीच गरम लागले, तर गाडी पाहण्याची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाची मागावी. चावी फिरवल्यावर वेटोळ्याचा आणि इंजिनाचा असे दोन्ही दिवे क्षणभर लागलेच पाहिजेत. लागत नसतील तर बल्ब काढलेला किंवा झाकलेला असू शकतो. स्कॅनरमध्ये कोड शून्य दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. त्याच स्क्रीनवर संगणकाने आपल्या कोणत्या चाचण्या पूर्ण केल्या, याची यादी असते. रोज वापरातल्या गाडीत बहुतेक चाचण्या ‘अपूर्ण’ दिसत असतील, तर कोड नुकताच, बहुधा आदल्या संध्याकाळी, पुसलेला आहे किंवा बॅटरी काढून लावलेली आहे.